श्रीमंत घरातला खून आणि संशयाच्या फेऱ्यातलं परकं माणूस : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मोठ्या घरात खून झाला की पोलिसांचा तपास मार्गी लागण्याआधीच घरच्यांचा निवाडा झालेला असतो. सगळ्यांचं बोट वळतं ते रक्ताचं नातं नसलेल्या माणसाकडे. रात्रपाळीची नर्स, ड्रायव्हर, स्वयंपाकाच्या मावशी, वर्षभरापूर्वी आलेली सून, वयस्कर शेठजींची दुसरी बायको, मुलांना शिकवायला येणारी बाई. समोरच्यांकडे नामांकित वकील, ओळखीपाळखी आणि एकमेकांना धरून राहणारं कुटुंब असतं. या माणसाकडे बहुतेक वेळा फोनमधले चार नंबर असतात.

ही प्रश्नोत्तरं त्या माणसासाठी आणि त्याच्या घरच्यांसाठी लिहिली आहेत. कायदा भारतातला आहे. १ जुलै २०२४ पासून भारतीय दंड संहितेच्या जागी भारतीय न्याय संहिता आली आणि खुनाचं कलम ३०२ चं १०३ झालं. तपासाची रीत भारतीय नागरिक सुरक्षा संहितेत आहे, तर पुराव्याचे नियम भारतीय साक्ष अधिनियमात. खाली त्यांना ‘सुरक्षा संहिता’ आणि ‘साक्ष अधिनियम’ म्हटलं आहे. कायद्याचं नाव न देता नुसतं ‘कलम’ असेल तिथे ते सुरक्षा संहितेचं समजा.

घरात दहा माणसं असताना संशय माझ्यावरच का?

कारण तुमच्यावर संशय घेणं सगळ्यांना सोपं जातं. कुटुंबाला आपल्यातला कुणी खुनी असेल हा विचार सोसत नाही. पोलिसांनाही सुरुवातीला घराची माहिती मिळते ती कुटुंबाच्याच तोंडून. फिर्याद घरचे देतात आणि ‘तुमचा कुणावर संशय?’ या प्रश्नाचं उत्तरही तेच देतात.

हा संशय किती चुकू शकतो याचं उदाहरण देशाने पाहिलं आहे. २००८ साली नोएडात एका शाळकरी मुलीचा राहत्या घरात खून झाला. घरकाम करणारा माणूस दिसत नव्हता, म्हणून पहिल्या दिवशी संशय त्याच्यावर गेला. दुसऱ्या दिवशी त्याचाच मृतदेह त्या इमारतीच्या गच्चीवर मिळाला. एक आख्खा दिवस एका मेलेल्या माणसाला खुनी ठरवलं गेलं, केवळ तो नोकर होता म्हणून. हे मला कधीच विसरता येत नाही.

संशयित असणं म्हणजे आरोपी असणं नव्हे, आणि आरोपी असणं म्हणजे दोषी असणं नव्हे. घरातल्या प्रत्येकाची चौकशी व्हायला हवी. तुमची झाली यात अपमान वाटून घेऊ नका. फक्त तुमचीच होत असेल तर मात्र लक्ष द्या.

पोलिसांनी जबाबासाठी बोलावलंय. गेलंच पाहिजे का?

हो, पण रीतीने. सुरक्षा संहितेच्या कलम १७९ नुसार तपास अधिकारी आपल्या किंवा लगतच्या ठाण्याच्या हद्दीतल्या माणसाला लेखी आदेश देऊन बोलावू शकतो. स्त्री, १५ वर्षांखालचा मुलगा, ६० वर्षांवरचा पुरुष, अपंग किंवा गंभीर आजारी व्यक्ती यांना मात्र राहत्या जागेखेरीज दुसरीकडे यायची सक्ती करता येत नाही. त्यांचा जबाब पोलिसांनी तिथे जाऊन घ्यायचा असतो. नर्स, कामवाली किंवा सून असाल आणि रात्री नऊला ‘गाडीत बसा’ असं कुणी म्हणालं, तर हे कलम शांतपणे सांगा.

ठाण्यात जाणार असाल तर बरोबर कुणाला तरी न्या. आत किती वाजता गेलात, बाहेर कधी आलात, कोणत्या अधिकाऱ्याने विचारपूस केली हे त्याच दिवशी वहीत लिहून ठेवा. पुढे ही वही फार उपयोगी पडते.

जबाबात किती बोलायचं? सही करायची का?

खरं तेवढंच आणि माहीत तेवढंच. कलम १८० प्रमाणे विचारलेल्या प्रश्नांची खरी उत्तरं द्यावी लागतात, मात्र ज्या उत्तरामुळे तुम्हीच गुन्ह्यात अडकाल असं उत्तर देण्याची सक्ती नाही. संविधानाच्या अनुच्छेद २०(३) चा आधारही त्याला आहे. ‘वकिलांशी बोलून सांगतो’ असं म्हणणं हा गुन्हा नाही.

सगळ्यात जास्त घोटाळा होतो तो वेळांचा. ‘मालक किती वाजता झोपले?’ असं विचारल्यावर माणूस घाबरून काहीतरी आकडा सांगून मोकळा होतो. नंतर सीसीटीव्हीत वेगळी वेळ निघते आणि ‘खोटं बोलली’ असा शिक्का बसतो. आठवत नसेल तर ‘नक्की आठवत नाही’ असंच लिहून घ्यायला सांगा. अंदाज असेल तर ‘अंदाजे’ हा शब्द जबाबात आला पाहिजे.

पोलिसांनी लिहून घेतलेल्या जबाबावर सही घ्यायची नसते, कलम १८१ हे स्पष्टच सांगतं. जबाब वाचून दाखवायला सांगा. कोऱ्या कागदावर सही किंवा अंगठा कुणालाच देऊ नका. दंडाधिकाऱ्यांसमोर कलम १८३ खाली दिलेल्या जबाबावर मात्र सही असते आणि त्याचं वजनही वेगळं असतं. तो देण्याआधी वकील गाठा.

घरच्यांनीच मला खोलीत बसवलंय, जाब विचारतायत, मोबाइलवर व्हिडिओ काढतायत. काय करू?

खरा धोका इथे आहे आणि तो फार थोड्यांना कळतो. सगळे घाबरतात पोलिसांना. पण पोलिसांसमोर दिलेली कबुली साक्ष अधिनियमाच्या कलम २३ मुळे तुमच्याविरुद्ध वापरता येत नाही. तुमच्या सांगण्यावरून एखादी वस्तू सापडली, तर त्या वस्तूशी थेट संबंधित तेवढाच भाग पुराव्यात येतो. घरच्यांसमोर बोललेल्या शब्दांना मात्र ही ढाल नाही. मालकाच्या मुलासमोर, थोरल्या सूनबाईंसमोर, सोसायटीच्या सेक्रेटरीसमोर रडत ‘माझंच चुकलं, मला माफ करा’ म्हणालात, तर ते ‘न्यायालयाबाहेरची कबुली’ म्हणून कोर्टात मांडलं जाऊ शकतं. तुमच्या मनात असतं, ‘मी रात्री त्यांच्या खोलीत डोकावायला हवं होतं.’ ऐकणारा सांगतो, ‘तिने आमच्यासमोर कबूल केलं.’

न्यायालयं असा पुरावा कमकुवत मानतात आणि दमदाटीने घेतलेल्या कबुलीला आव्हान देता येतं, हे खरं. पण ते आव्हान खटल्यात द्यायचं असतं, आणि तोवर माणूस तुरुंगात असू शकतो.

म्हणून मालकांच्या घरी कितीही वर्षं मीठ खाल्लेलं असो, त्या दिवसांत खुनाविषयी त्यांच्याशी काही बोलू नका. ‘मी पोलिसांना सांगेन’ एवढं एकच वाक्य. माफीचे मेसेज नकोत, व्हॉइस नोट नको, कागदावर ‘घडलेली हकिकत’ लिहून देणं नको.

खोलीत डांबून ठेवणं हा अन्याय्य कैदेचा गुन्हा आहे (न्याय संहिता, कलम १२७). ‘आम्हीच पकडून ठेवलंय’ असं ते म्हणतील. सामान्य नागरिकाला अटक करण्याचा अधिकार कलम ४० देतं, पण दखलपात्र व अजामीनपात्र गुन्हा त्याच्या डोळ्यांदेखत घडला असेल किंवा समोरचा घोषित फरारी गुन्हेगार असेल तरच. तेव्हाही सहा तासांच्या आत पोलिसांच्या ताब्यात द्यावं लागतं. सकाळी मृतदेह सापडला आणि संध्याकाळी ड्रायव्हरला गॅरेजमध्ये कोंडलं, हे कुठल्याच कायद्यात बसत नाही. फोन हाती असेल तर ११२ लावा.

साहेब म्हणतात, ‘आमचे वकील तुमचंही बघतील.’ चालेल?

नाही. कितीही आपुलकीने म्हणत असले तरी नाही. तो वकील कुटुंबाचा आहे, त्याचं कर्तव्य कुटुंबाशी आहे. तपासाचं बोट उद्या धाकट्या मुलाकडे वळलं तर त्याला वाचवण्यासाठी तुमच्याकडे बोट दाखवणं हेच त्या वकिलाचं काम होऊन बसेल. तुमच्या स्वतःच्या वकिलाला सांगितलेलं गुपित कायदा राखतो. त्यांच्या वकिलासमोर मन मोकळं करताना तो तुमचाही वकील आहे का, हेच धूसर असतं.

वकील करायला पैसे नाहीत.

तरीही वकील मिळतो. जिल्हा न्यायालयाच्या आवारात जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाचं कार्यालय असतं. १९८७ च्या कायद्याच्या कलम १२ नुसार स्त्रिया, मुलं, अनुसूचित जाती-जमातींच्या व्यक्ती आणि कोठडीत असलेली कुठलीही व्यक्ती यांना उत्पन्न न पाहता मोफत वकील मिळतो. इतरांना उत्पन्नाची मर्यादा आहे. हेल्पलाइन १५१००. हा नंबर आजच घरच्यांच्या फोनमध्ये टाकून ठेवा. अटक झाली तर तुमचा फोन तुमच्या हाती नसेल.

मालकिणीने सांगितलं म्हणून मी फरशी पुसली, चादरी धुतल्या. आता?

घाबरू नका, पण लपवूही नका. पुरावा नाहीसा करणं हा गुन्हा आहे (न्याय संहिता, कलम २३८). मात्र त्यासाठी गुन्हा घडल्याची जाणीव आणि गुन्हेगाराला वाचवण्याचा हेतू लागतो. सकाळी सांगितलेलं काम नेहमीसारखं करणाऱ्या बाईकडे तो हेतू नसतो. कुणी सांगितलं, किती वाजता, तेव्हा तुम्हाला काय दिसलं हे आधी वकिलाला सांगा आणि त्यांच्या सल्ल्याने जबाबात येऊ द्या. ही गोष्ट दुसऱ्याच्या तोंडून बाहेर आली की तिचा रंग पार बदलतो. आणि हो, इथून पुढे एकही मेसेज, कॉल रेकॉर्ड, फोटो डिलीट करायचा नाही. लाज वाटेल असं काही फोनमध्ये असलं तरीही.

माझी खोली आणि फोन तपासतायत.

झडतीच्या वेळी परिसरातले दोन तटस्थ पंच लागतात. जप्त वस्तूंची यादी होते आणि कलम १०५ प्रमाणे झडतीचं ऑडिओ-व्हिडिओ चित्रीकरणही आता बंधनकारक आहे. यादीची प्रत मागून घ्या. पंच म्हणून कुटुंबाचा मॅनेजर किंवा मेहुणा उभा असेल तर वकिलाला लगेच कळवा. स्त्रीची अंगझडती स्त्रीनेच घ्यायची असते.

बोटांचे ठसे, रक्त, लाय डिटेक्टर यांना नकार देता येतो का?

ठसे, हस्ताक्षर किंवा शरीराचे नमुने देणं म्हणजे स्वतःविरुद्ध साक्ष देणं नव्हे, असं सर्वोच्च न्यायालयाने १९६१ मध्ये मुंबई राज्य विरुद्ध काठी काळू ओघड या निकालात ठरवलं. कायदेशीर रीतीने मागितले तर नकार टिकणार नाही. तुमचे ठसे त्या घरात सापडणारच. रोज चहाचा कप धुणाऱ्याचे ठसे कपावर नसतील तरच नवल.

नार्को, पॉलिग्राफ (म्हणजेच लाय डिटेक्टर) आणि ब्रेन मॅपिंग मात्र तुमच्या संमतीशिवाय करता येत नाही. हा सेल्वी विरुद्ध कर्नाटक राज्य, २०१० चा निकाल. ‘निर्दोष आहेस तर टेस्ट दे ना’ या वाक्याला बळी पडू नका. संमती द्यायची की नाही हे वकिलासमोर बसून ठरवा, आणि द्यायचीच तर ती दंडाधिकाऱ्यांसमोर नोंदवली गेली पाहिजे.

अटक झाली तर?

अटकेची कारणं तुम्हाला समजेल अशा भाषेत कळली पाहिजेत, आणि ती लेखी मिळण्यावर सर्वोच्च न्यायालयाने अलीकडच्या निकालांत भर दिला आहे. तुम्ही सांगाल त्या नातेवाइकाला किंवा मित्राला अटकेची खबर द्यावी लागते. सर्वोच्च न्यायालयाने डी. के. बसू प्रकरणात दिलेल्या सूचनांपासून हे चालत आलं आहे. प्रवासाचा वेळ सोडून २४ तासांत दंडाधिकाऱ्यांसमोर उभं करावं लागतं. चौकशीदरम्यान वकिलाला भेटता येतं, पण वकील पूर्ण वेळ शेजारी बसू शकत नाही. स्त्रीला सूर्यास्तानंतर आणि सूर्योदयाआधी अटक करायची नसते. अपवादात्मक परिस्थितीत करायचीच तर महिला अधिकारी आणि दंडाधिकाऱ्यांची पूर्वपरवानगी लागते. वैद्यकीय तपासणी होतेच. मारहाण झाली असेल तर डॉक्टरांना आणि दंडाधिकाऱ्यांना स्वतःच्या तोंडाने सांगा. ‘काही तक्रार आहे का?’ असं कोर्ट विचारतं त्या क्षणी गप्प राहिलात, तर नंतर सिद्ध करणं कठीण जातं.

पोलिस कोठडी एकूण १५ दिवसांपर्यंत. खुनासारख्या गुन्ह्यात हे दिवस पहिल्या ६० दिवसांत तुकड्यातुकड्यानेही मागता येतात. दोषारोपपत्र ९० दिवसांत दाखल झालं नाही तर जामिनाचा हक्क उभा राहतो. पण त्यासाठी अर्ज करावा लागतो, आणि तोही दोषारोपपत्र येण्याआधी. त्यामुळे घरातल्या कुणीतरी ही तारीख कॅलेंडरवर लिहून ठेवलीच पाहिजे.

अटकपूर्व जामीन मिळतो का?

खुनाच्या गुन्ह्यातही अर्ज करता येतो (कलम ४८२, सत्र किंवा उच्च न्यायालय). सहज मिळत नाही. तुमचं नाव केवळ संशयापोटी आलंय आणि तुम्ही चौकशीला दर वेळी हजर राहिलात, हे कागदावर दाखवता आलं तर अर्जाला बळ येतं.

त्यांच्यासोबत शेवटी मीच होते. एवढ्यावर शिक्षा होते का?

नुसत्या एवढ्यावर व्हायला नको. साक्षीदार नसलेला खून परिस्थितीजन्य पुराव्यावर उभा राहतो आणि त्याची कसोटी सर्वोच्च न्यायालयाने १९८४ साली शरद बिरधीचंद सारडा विरुद्ध महाराष्ट्र राज्य या निकालात घालून दिली. प्रत्येक परिस्थिती पूर्णपणे सिद्ध झालेली हवी. ती आरोपीच्या दोषाकडेच बोट दाखवणारी हवी. दुसरी कुठलीही शक्यता उरता कामा नये. आणि साखळी कुठेही तुटलेली नको. त्या खटल्यात सत्र न्यायालयाने फाशी दिली होती, उच्च न्यायालयाने ती कायम केली होती, आणि सर्वोच्च न्यायालयाने आरोपीला निर्दोष सोडलं. वकील मंडळी या कसोटीला ‘पंचशील’ म्हणतात.

दुसरी बाजूही माहीत असू द्या. बंद घरात गुन्हा घडला तर आत असलेल्यांनी काय घडलं याचा पटेल असा खुलासा द्यावा, अशी अपेक्षा न्यायालयं ठेवतात. २००६ च्या त्रिमुख मारोती किरकन निकालात हे ठळकपणे आलं. पण ही अपेक्षा त्या रात्री आत झोपलेल्या प्रत्येकाकडून आहे. मुलाकडून, सुनेकडून, भाच्याकडूनही. घरात आणखी कोण होतं, मागचं दार कुणाकडे किल्ली असल्यामुळे उघडू शकत होतं, कोणता कॅमेरा बंद होता हे तुमच्या वकिलाने लवकर नोंदवून घेतलं पाहिजे. सीसीटीव्हीचं जुनं चित्रण काही दिवसांत पुसलं जातं. ते जपून ठेवण्याचा लेखी अर्ज तपास अधिकाऱ्याकडे पहिल्याच आठवड्यात द्या आणि पोच घ्या. माझ्या मते परक्या माणसाच्या बाजूने करता येण्यासारखं याहून मोठं काम नाही.

मृत्युपत्रात माझं नाव निघालं. आता तर सगळे तुटून पडलेत.

साहजिक आहे. तुमच्यासाठी तो हेतू ठरवला जाईल. पण हेतू दोन्हीकडे असतो हे विसरू नका. हिंदू वारसा कायद्याच्या (१९५६) कलम २५ नुसार खून करणारा किंवा त्याला साथ देणारा मृताचा वारस होऊ शकत नाही. म्हणजे दुसरी बायको दोषी ठरली तर तिचा हिस्सा इतर वारसांकडे जातो. तुम्ही दोषी ठरण्यात कुणाचा फायदा आहे, हा प्रश्न तपास अधिकाऱ्यासमोर वकिलामार्फत लेखी मांडता येतो. मृत्युपत्राची तुम्हाला आधीपासून माहिती होती का, याचं उत्तर खरंच द्या. नव्हती तर नव्हती.

काम सोडून गावी निघून जाऊ का?

काम सोडायला हरकत नाही. अशा घरात राहू नये असंच मी सांगेन. पण न सांगता जाऊ नका, कारण अचानक निघून जाणं हे वर्तन म्हणून तुमच्याविरुद्ध पुराव्यात मांडता येतं. तपास अधिकाऱ्याला नवा पत्ता आणि नंबर लेखी द्या, पोच घ्या, मग जा. सामान नेताना यादी करा आणि कुणाच्या तरी समोर बॅग भरा. राहिलेला पगार मागण्याचा हक्क शाबूत आहे, पण आत्ता त्यावरून भांडू नका.

पैसे देतो म्हणतात. धाकट्या भावाने मारल्याचं सांग, किंवा पाहिलेलं विसरून जा.

पैसे घेतलेत की तुमची खरी साक्षही विकत घेतलेली ठरते. खोटी साक्ष देण्यासाठी धमकावणं हा स्वतंत्र गुन्हा आहे (न्याय संहिता, कलम २३२). तुम्ही खरंच काही पाहिलं असेल तर ते दंडाधिकाऱ्यांसमोर कलम १८३ खाली नोंदवून घ्यायची मागणी करा. जीवाची भीती असेल तर साक्षीदार संरक्षण योजना, २०१८ खाली अर्ज करता येतो. ती योजना सर्वोच्च न्यायालयाने महेंदर चावला निकालात मान्य केली. संरक्षण, ओळख लपवणं, गरजेप्रमाणे जागा बदलणं हे त्यात येतं.

त्यांची वरपर्यंत ओळख आहे. माझी तक्रार ठाण्यात कुणी घेतच नाही.

दखलपात्र गुन्ह्याची फिर्याद घेणं बंधनकारक आहे (सर्वोच्च न्यायालयाचा ललिता कुमारी निकाल, २०१३). नाही घेतली तर पोलिस अधीक्षकांना रजिस्टर पोस्टाने पाठवा. शहरात असाल तर वरिष्ठ अधिकाऱ्यांना. तरीही काही झालं नाही तर दंडाधिकाऱ्यांकडे अर्ज. तपासच एकतर्फी चालला असेल तर उच्च न्यायालयात तो दुसऱ्या यंत्रणेकडे देण्याची मागणी करता येते. प्रत्येक कागदाची पोच ठेवा. तोंडी तक्रारीचा पुढे मागमूस लागत नाही.

चॅनेलवाले दारात उभे आहेत.

बोलू नका. घरच्यांनाही सांगा. तुमच्या बोलण्यातलं एकच वाक्य दिवसभर दाखवलं जाईल आणि ते तुम्ही निवडलेलं नसेल.

दोषारोपपत्रात माझं नाव नाही. सुटलो का?

जवळजवळ. पुरावा अपुरा म्हणून पोलिस कलम १८९ खाली सोडतात. ठाण्यात अजूनही जुन्या क्रमांकाने ‘१६९ झालं’ असं म्हणतात. खटला चालू असताना साक्षीपुराव्यातून काही पुढे आलं तर न्यायालय कलम ३५८ खाली नव्याने आरोपी करू शकतं, म्हणून तुमची वही आणि पोचपावत्या टाकून देऊ नका. बहुधा तुम्हाला साक्षीदार म्हणून समन्स येईल, तेव्हा पत्ता बदलला तर कळवत राहा.

भरपाईचं विचाराल तर, विनाकारण अटक करवणाऱ्याकडून दंडाधिकारी जास्तीत जास्त १,००० रुपये देववू शकतात. कामावरून गेलेल्या, गावात तोंड दाखवायची चोरी झालेल्या माणसाची ही किंमत लावणं मला अन्यायच वाटतो. मुद्दाम खोटा खटला गुदरला गेला असेल तर दिवाणी न्यायालयात नुकसानभरपाईचा दावा लावता येतो. निर्दोष सुटल्यापासून किंवा खटला संपल्यापासून त्याची मुदत एक वर्षाची आहे.